रविवारचा टायपिंग क्लास

४ जून २००६, रविवार

आज तिसऱ्यांदा गेले. आज जिन्याशी रेंगाळले नाही, सरळ वर.

मागच्या दोन्ही वेळी मैलापूरच्या तळ्याला आधी पूर्ण फेरी मारली होती, चपलांच्या दुकानात उगाच भाव विचारले होते. कुणी ओळखीचं दिसेल म्हणून. मैलापुरात माझ्या ओळखीचं कोण असणार? मी राहते चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, तांबरमच्या हॉस्टेलात, ऑफिसही तिथेच; मिरजेहून बदली मागून आल्याला सहा वर्षं.

पाटी साधीच. टायपिंग, शॉर्टहँड, इंग्रजी व तमिळ. रविवारी क्लासला सुट्टी, पण दुपारी दोन ते पाच दार अर्धं उघडं असतं. आत दहा मशिनं, लाकडी बाकं, माठ आणि आम्ही. आज सात जणी होतो. सातही जणींचा जीव बाईवरच जडतो, माझ्यासारखा. छत्तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं. शाई वाळेपर्यंत बघत बसले.

जयंती तो इंग्रजी शब्द अगदी सहज उच्चारते, लेस्बियन, जसं कुणी 'मी डावखुरी' म्हणावं. (ती बँकेत आहे, तिनंच मला इथे आणलं.) माझ्या तोंडून तो निघत नाही. क्लास चालवणाऱ्या तुळजाअक्कांच्याही नाही. त्या म्हणतात, 'आपल्यातली'. "ती कोवळमची पोरगी आपल्यातली." मिरजेला आई हाच शब्द जातीसाठी वापरायची. स्थळ आलं की पहिला प्रश्न, आपल्यातले आहेत ना? आज तो शब्द माझ्यासाठी कुणीतरी वापरला आणि

पुढे लिहवत नाही. बरं वाटलं, एवढंच.

११ जून

अक्कांचा नियम: गप्पा तीननंतर. आधी तासभर प्रत्येकीनं टाइप करायचं.

जयंती कुरकुरली, "मला येतं, टीचरम्मा." (सगळ्या त्यांना टीचरम्मा म्हणतात. अक्का म्हणणारी मी एकटीच.)

"येतं तर जलद कर. घरीं सांगून काय येतां? क्लासला जातें. मग क्लास झाला पाहिजे. इथें येण्यासाठीं कोणी खोटें बोलूं नये."

म्हणून मीही, कारकुनीत चौदा वर्षं घालवलेली, ए एस डी एफ बडवत बसले. अक्का मागे येऊन उभ्या. "करंगळीला कामाची संवय नाही गे तुझ्या."

त्या तंजावरच्या मराठ्यांतल्या. वय अठ्ठावन्न. मराठी अशी बोलतात की जुनी पोथी उघडल्यासारखं वाटतं, मध्येच तमिळ 'सरि' (म्हणजे बरं) येतं आणि पोथी मिटते. शाळेत कधी गेल्या नाहीत मराठी शिकायला. घरात बोलत होते, तेवढीच.

२५ जून

कोवळमची (चेन्नईजवळचं कोळ्यांचं गाव, केरळातलं नव्हे) पोरगी म्हणजे सेल्वी. बावीस वर्षांची, बापाची होडी, आई मासळी विकते. दोन बस बदलून येते. वेगानं टाइप करते, आमच्यात सगळ्यांत वेगानं. ऑगस्टच्या सरकारी परीक्षेचा फॉर्म अक्कांनी भरून घेतलाय.

आज तीन वाजता तिनं स्टेलाचा फोटो दाखवला. त्याच गावची. दोघी शाळेपासून. फोटो फिरला, प्रत्येकीनं नीट निरखला. "नाक छान आहे." "हसते कशी बघ." असं, जसं कुणी नव्या सुनेचा फोटो बघावा. सेल्वी लाजून लाल. मी हे सगळं बाकावरून बघत होते. विजूचा फोटो माझ्या ट्रंकेत सहा वर्षं आहे, कुणी 'नाक छान आहे' म्हटलं नाही.

९ जुलै

लवकर गेले. अक्का एकट्याच, रिबन बदलत होत्या. बोटं काळी. हा क्लास रविवारी असा का, विचारलं.

लीला म्हणून होत्या. नर्स. एकोणीस वर्षं दोघी एकत्र राहिल्या, गल्लीला वाटायचं पैसे वाचावेत म्हणून दोन नोकरदार बाया एकत्र राहतात. चार वर्षांपूर्वी लीलाबाई आजारी पडल्या. हॉस्पिटलात आत फक्त नातेवाईक. अक्का बाहेरच्या बाकावर नऊ दिवस. सगळं झाल्यावर लीलाबाईंचा भाऊ त्यांचं सामान न्यायला आला. हात जोडून म्हणाला, "माझ्या बहिणीनं तुम्हाला फार त्रास दिला. इतकी वर्षं ठेवून घेतलंत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"त्रास नाही म्हटलें. कॉफी दिली."

रिबन बसवून झाली. त्यांनी एक ओळ टाइप करून पाहिली, ठीक उमटली.

"त्या दिवशीं वाटलें, एक तरी माणूस मज ठाऊक असतां, ज्याच्यापुढें रडलें तर काय म्हणून रडते हें सांगावें लागलें नसतें. मग क्लास होताच. रविवार रिकामा होता."

एवढंच. अंगावर धावून येणारं दुःख नाही, भाषण नाही. मी असते तर दारं लावून घेतली असती.

१६ जुलै

दादाचा फोन. सांगलीचे एक विधुर, वीज मंडळात. "शालू, आता नाही म्हणू नकोस. वयाचा विचार कर." बघू म्हटलं. बघू हा माझा चौदा वर्षांचा उद्योग.

२३ जुलै

सेल्वी आली नाही. मोबाइल बंद.

३० जुलै

आजही नाही. जयंतीला कळलं ते असं: स्टेलाची पत्रं सेल्वीच्या भावाला सापडली. स्टेलाला तुतिकोरिनला मावशीकडे पाठवलं. सेल्वी घरात, बाहेर पडायचं नाही, स्थळ बघणं चालू.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पोलीस, वकील, पळवून आणू. अक्का उठून कपाटापाशी गेल्या, फाइल काढली. "हॉल तिकीट आलें आहे तिचें," म्हणाल्या. "बाराला परीक्षा."

कुणाला काही कळेना.

५ ऑगस्ट, शनिवार. कोवळम

हे सविस्तर लिहून ठेवलं पाहिजे.

अक्कांनी मला बरोबर चल म्हटलं. "सरकारी नोकर आहेस, बरें दिसेल." कडक इस्त्रीची सुती साडी, काखेत हजेरीचं रजिस्टर. बसमध्ये ते मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं. समुद्राकडून वारा. 

घर सापडायला वेळ लागला नाही, टायपिंग टीचर आलीय म्हणताच दहा जणांनी रस्ता दाखवला. दारात भाऊ. दणकट, माझ्याहून लहान. "क्लास बंद झाला तिचा," म्हणाला.

अक्का त्याला ओलांडून आईशी बोलल्या. सेल्वीची आई सुपात सुकट पाखडत होती. माझं तमिळ मोडकं, पण हे कळलं:

"तुमची मुलगी दोन रविवार गैरहजर आहे. बाराला तिची सरकारी परीक्षा. मी सत्तावीस वर्षं शिकवते, माझी एकही विद्यार्थिनी हॉल तिकीट आल्यावर घरी बसलेली नाही."

"लग्न ठरवतोय आम्ही," आई म्हणाली.

"ठरवा. परीक्षा बाराला आहे."

भाऊ काहीतरी म्हणाला, त्यात 'घाणेरड्या' असा शब्द होता. मला तेवढाच नेमका कळला. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हॉल तिकीट आईच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट केलं. वाचता येत नसावं. "नाव कुठे आहे?" अक्कांनी बोट ठेवलं. आईनं हात लुगड्याला पुसला आणि त्या छापील नावावरून बोट फिरवलं. घरातल्या कुणाचं नाव असं सरकारी कागदावर आलेलं तिनं फारसं पाहिलं नसावं, रेशनकार्ड सोडून.

सेल्वी आतल्या दाराशी उभी. वाळली होती. पण अक्का निघताना बोटं हवेत हलवून 'प्रॅक्टिस?' अशी खूण करत म्हणाल्या, "करंगळी," आणि ती हसली.

परत येताना विचारलं, भीती नाही वाटली? "वाटली की गे. रजिस्टर म्हणून घेतलें होतें. हातांना काहीं धरायला असलें की ते कांपत नाहींत."

१२ ऑगस्ट, शनिवार

आली! आई स्वतः घेऊन आली. भाऊ नाही.

परीक्षा चालू असताना आई केंद्राच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिली, अक्का शेजारी. मी जरा लांब. आतून सगळी मशिनं एकदम सुरू झाली तेव्हा आई दचकली. "यातली माझी कुठली?" तिनं विचारलं. अक्कांनी कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांत आधी थांबेल ती."

आई खूप वेळानं म्हणाली, "तुमच्या क्लासला जाऊन आली की त्या दिवशी जेवायची."  त्या बाईला किती कळलंय, कुणास ठाऊक. मला वाटतं, तिला हवं तेवढं.

२० ऑगस्ट

सेल्वी पुन्हा यायला लागली. आई जिन्यापर्यंत सोडते आणि तळ्याच्या पायरीवर पाचपर्यंत बसते. वर बोलावलं, येत नाही.

आज मी विजूबद्दल बोलले. ठरवलं नव्हतं. मिरजेला ती शाळेत शिकवायची, आठ वर्षं दर शनिवारी तिच्या खोलीवर जायचे, कुणी काही म्हटलं नाही कारण कुणाला सुचलंच नाही. मग तिचं लग्न ठरलं. तिच्या हळदीला मीच पाट मांडला. मंगलाष्टकांत माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. 

कुणी सांत्वन केलं नाही. जयंतीनं माठातलं पाणी आणून दिलं. सेल्वीनं विचारलं, "फोटो आहे?"

पुढच्या रविवारी नेणार आहे.

२७ ऑगस्ट

नेला. "भुवया काय सुंदर," सेल्वी म्हणाली. संध्याकाळभर गाणं म्हणत होते. ऑफिसातल्या सरोजामॅडमची साडी छान आहे असं उद्या त्यांना सांगणार आहे, उगाच.

१७ सप्टेंबर

वाईट दिवस. पावणेपाचला घरमालक शेषाद्री सार (इथे सरांना सार म्हणतात) वर आले. सभ्य माणूस, निवृत्त, कपाळाला गंध. दारातच उभे.

"टीचर, क्लासला माझी हरकत कधीच नव्हती. पण रविवारी मशिनांचा आवाज कमी येतो, हसण्याचा जास्त. शेजारी विचारतात, एवढ्या बाया, लग्न न झालेल्या, काय करतात?"

"हसतात," अक्का म्हणाल्या. "सहा दिवस हसत नसतात."

त्यांना बहुतेक खरंच वाईट वाटत होतं. तरी म्हणालेच, ऑक्टोबरअखेर जागा रिकामी करा. कुटुंबांची वस्ती आहे.

ते गेल्यावर अक्कांनी झाकणं घातली मशिनांवर, एकेक, दहाही. मग म्हणाल्या, "सेल्वीचा निकाल येणार. फर्स्ट क्लास आला तर पायसम मी करीन."

सत्तावीस वर्षांची जागा.

१ ऑक्टोबर

मंदवेळीत दोन जागा पाहिल्या, अड्यारला एक. प्रश्न तेच. नवरा काय करतो? नाही? मुलगा? कुणीच नाही? मग सही कोण करणार? एक जण म्हणाला, आता टायपिंग कोण शिकतं, कॉम्प्युटर आले. अक्का खाली उतरून उसाचा रस पितात आणि पुढच्या घराची बेल वाजवतात. मी दोन घरांनंतर थकले.

सेल्वीला फर्स्ट क्लास. पायसम झालं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

जागा मिळते आहे. पश्चिम तांबरमला, स्टेशनपासून पाच मिनिटं, पहिला मजला, दोन खिडक्या. कोवळमहूनही एका बसनं येता येतं. मालकीणबाई रेल्वेतून निवृत्त झालेल्या. अट एकच, करार सरकारी नोकराच्या नावे, ऑफिसचं ओळखपत्र आणि पत्ता जोडून.

आमच्यात सरकारी नोकर मी एकटीच.

अक्कांनी मला हे सांगितलं आणि पुढे काही म्हणाल्या नाहीत. 'करशील का' एवढंसुद्धा नाही. वर, मी बोलायच्या आत, "सरि, आणखी बघूं," म्हणून उठल्या.

१५ ऑक्टोबर

नाही. तांबरमला नाही. माझ्या हॉस्टेलपासून दोन गल्ल्या. सरोजामॅडम त्याच रस्त्यानं भाजीला जातात. आज ना उद्या कुणीतरी शेषाद्री निघेल, करारावर माझं नाव, ऑफिसला पत्र जायला किती वेळ. मैलापूर लांब होतं, म्हणून तर मी जात होते. इथली शालिनी आणि तिथली शालिनी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत, ते बरं होतं.

दुपारी गेले. चौघीच होत्या. एक नवीन मुलगी आली होती, तांबरमच्याच कॉलेजातली. बाकाच्या कडेवर, दाराकडे तोंड करून.  निघताना मला मराठीत म्हणाली, "ताई, हे बंद होणार म्हणे? मला आजच सापडलं."

तिचं नाव विचारायचं राहिलं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

सही केली.

मालकीणबाईंनी करारात 'जागा कशासाठी' यावर बोट ठेवलं. अक्कांकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणजे मलाच सांगायचं होतं. इंग्रजीत लिहिलं, बायकांसाठी टायपिंग वर्ग आणि भेटण्याची जागा.

"भेटण्याची म्हणजे?"

"बसायचं. बोलायचं."

"कशाबद्दल?"

"घरी बोलता येत नाही त्याबद्दल."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "पाणी सकाळी सहा ते सात. चपला खाली काढायच्या. आणि जिन्यात बसायचं नाही, मला गुडघ्यांचा त्रास आहे, ओलांडता येत नाही."

बाहेर आल्यावर अक्कांनी माझा हात हातात घेतला, रस्त्यात, सरोजामॅडमच्या भाजीवालीसमोर. सोडवून घ्यावासा वाटला. घेतला नाही.

२१ ऑक्टोबर. दिवाळी

हॉस्टेल रिकामं. अक्कांकडे जेवले. त्यांनी लीलाबाईंच्या फोटोलाही तेल लावल्यासारखं केलं, कपाळापाशी, बोटानं. मी पाहिलं नाही असं दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ की. लपवायचें थोडेंच आहे तुजपासून."

२८ ऑक्टोबर, शनिवार

सामान हलवलं. टेम्पो येतो म्हणाला, आला नाही. आणि साडेदहाला गल्लीत मासळीची गाडी, पुढे ड्रायव्हरशेजारी सेल्वीची आई. कुणी सांगितलं, कुणी बोलावलं, पत्ता नाही. उतरून पदर खोचला आणि पहिलं मशीन तिनंच उचललं. या इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वर आली ती. खोलीभर नजर फिरवली. बाकं, माठ, भिंतीवरचा कीबोर्डचा तक्ता. अशी बघत होती, जशी मुलगी नांदते ते घर बघतात.

शेषाद्री सारांनी खालून दार धरून ठेवलं. अक्कांनी त्यांना नमस्कार केला. मला जमला नसता.

दहाही मशिनांना मासळीचा वास. जयंती नाकाला रुमाल लावून हसत सुटली. अक्का म्हणाल्या, "आठवडाभर निंबाचा पाला ठेवूं. जाईल."

५ नोव्हेंबर

नव्या जागेतला पहिला रविवार. पाऊस, गाड्या उशिरा. तरी नऊ जणी! कॉलेजवाली आली, नाव मुक्ता, अकोल्याची. सेल्वीला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागतेय, तांबरमलाच. पगार हातात आला की भाऊ काय बोलतो ते बघू, म्हणाली. स्थळ अजून टळलेलं नाही. तुतिकोरिनहून स्टेलाचा एक फोन आला होता, दोन मिनिटांचा. काय बोललीस, विचारलं. "काही नाही. दोघी रडलो."

आज अक्का दमल्यासारख्या दिसल्या. बाकावर टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि भोवती नऊ जणींचा कलकलाट. मला वाटलं झोपल्या. म्हणून आवाज कमी करा म्हटलं तर डोळे न उघडता म्हणाल्या, "नको. चालूं दे."

असं एखादं माणूस शहराला पुरतं का? कोण जाणे. मला पुरलं.

१९ नोव्हेंबर

शुक्रवारी ऑफिसात सरोजामॅडमनी विचारलं, "तू ती टायपिंगची खोली घेतलीस ना? माझ्या भाचीला शिकायचंय." हो म्हटलं. हातातली फाइल घट्ट धरली. भाची सोमवारी येणार, खऱ्याच टायपिंगला. येऊ दे.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाचा फोन. तो आणि वहिनी तिरुपतीला निघालेत, परतताना रविवारी चेन्नईत उतरणार. सांगलीच्या विधुरांची पत्रिका बरोबर आणतोय. "दुपारी तुझ्या हॉस्टेलवर येतो. वेळ काढून ठेव. या वेळी उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही."

दुपारी म्हणजे दोन ते पाच.

सवयीनं 'बघू' ओठांवर आलं. हॉस्टेलात बाहेरच्यांना खालीच बसवतात, दोन खुर्च्या, वर कॅलेंडर. तिथे बसून काय सांगणार होते? चहा घे, वहिनी बारीक झाली, बघू.

म्हटलं, "दादा, हॉस्टेलवर नको. पत्ता लिहून घे."

"कुणाचा?"

"माझाच. जागा घेतलीय मी. पहिला मजला, स्टेशनपासून पाच मिनिटं."

 पलीकडून वहिनीचा आवाज, काय म्हणतेय ती? मग दादा, जरा हळू, "जागा? कशाला गं? आणि रविवारी तिथे कोण असतं?"

"माझी माणसं," म्हटलं.

 दादानं पेन मागितलं वहिनीकडे, ते ऐकू आलं. मी सावकाश पत्ता सांगितला. रस्त्याचं नाव त्यानं दोनदा विचारून घेतलं.